क्यूएकडेच सिक्युरिटी सोपवली तर चालेल का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. होटगी रोडवरची अठरा जणांची कंपनी, टॉवेल-चादरीच्या कारखानदारांसाठी ऑर्डर आणि बिलिंगचं वेब सॉफ्टवेअर. तुम्ही चार वर्षं तिथं टेस्टिंग, म्हणजे क्यूए (क्वालिटी ॲश्युरन्स, सॉफ्टवेअरची तपासणी) बघता, हाताखाली एक ज्युनिअर. एका कारखानदाराच्या परदेशी खरेदीदारानं सिक्युरिटीची लांबलचक प्रश्नावली पाठवली, ती फिरत फिरत तुमच्या ऑफिसात आली आणि साहेब म्हणाले, ‘क्यूए आहेच की आपल्याकडं, सिक्युरिटीपण तेच बघतील.’ आता तुम्ही तीन गोष्टी विचारताय: हे दोन्ही एकत्र करता येतं का, टूल कोणतं घ्यायचं, आणि यासाठी सर्टिफिकेट काढून पुण्याला जावं लागेल का.

मी सतरा वर्षं या धंद्यात आहे. पहिली काही वर्षं साधा टेस्टर, मग पुण्यात सिक्युरिटी टेस्टिंग, आणि आता सोलापुरात घरी बसून तेच काम. दोन्ही बाजूंनी टेबल बघितलंय म्हणून लिहितोय.

आधी टूल बाजूला ठेवू. तुमची खरी अडचण साहेबांच्या त्या एका वाक्यात आहे, कारण त्यात दोन गोष्टी एकमेकींत गुंडाळल्यात: सिक्युरिटीचं काम आणि सिक्युरिटीची जबाबदारी. कामाचा मोठा भाग टेस्टिंगमध्ये मिसळता येतो, मिसळायलाच हवा. जबाबदारी मात्र क्यूएच्या गळ्यात अडकवली की पहिला अपघात झाल्यावर ‘टेस्टिंगमध्ये कसं सुटलं?’ हा एकच प्रश्न उरतो, आणि त्याला उत्तर द्यायला तुम्ही एकटे उभे असता. डेव्हलपर कोड लिहिताना जे ठरवतो, साहेब सर्व्हरवर किती पैसे घालतात, पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे, यातलं काहीच तुमच्या हातात नसतं.

आपल्या चादरीचं सूत आधी रंगवतात, मग ते मागावर चढतं. चेकिंगच्या टेबलावरचा माणूस ओलं फडकं घासून रंग सुटतोय का ते सांगेल, पण तिथं बसून त्याला रंग पक्का करता येत नाही. तुम्ही सध्या त्या टेबलावर आहात. फडकं घासायचं कसं ते खाली सांगतोच, पण थोडं रंगखात्याकडंही सरकावं लागेल.

किती सरकायचं ते परिस्थितीवर आहे. सॉफ्टवेअर इंटरनेटवर उघडं आहे की कारखान्याच्या आतल्या नेटवर्कवर चालतं? त्यात नुसती ऑर्डर आहे, की कामगारांचे आधार नंबर, बँक खाती, पगारही आहेत? तुम्हाला थोडंफार कोडिंग येतं का? डेव्हलपर ऐकणारे आहेत का? यातलं काहीच तुम्ही लिहिलं नाही. मी धरून चालतो की सॉफ्टवेअर इंटरनेटवर आहे, डीलर मोबाइलवरून लॉगिन करतात, आणि तुम्ही मुख्यतः मॅन्युअल टेस्टिंग करता. वेगळं असेल तर त्या त्या ठिकाणी उत्तर बदलेल.

आता माझीच एक चूक सांगतो. टेस्टर असताना एका व्यापाऱ्याच्या सिस्टीमवर काम करत होतो. बिलाची पीडीएफ डाउनलोड करण्याची सोय नवी आली होती. टेस्ट केस लिहिली: बटण दाबल्यावर पीडीएफ उघडते का, नाव बरोबर आहे का, जीएसटीची बेरीज जुळते का. सगळं पास. लिंकच्या शेवटी बिलाचा क्रमांक होता आणि तो मला दिसत होता. महिन्याभरानं एका डीलरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलानं तो क्रमांक एकानं वाढवला आणि शेजारच्या दुकानदाराचं बिल उघडलं. त्याला किती टक्के सूट मिळते, सगळं समोर. व्यापारात रेट म्हणजे काय चीज असते हे सोलापूरकराला सांगायला नको. त्या व्यापाऱ्यानं दोन मोठे डीलर गमावले आणि फोनवर मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्या चुकीत हॅकिंग कुठंच नव्हतं. एक अधिक एक करता येणाऱ्या कुणालाही जमेल असं ते होतं. आणि ती शंभर टक्के टेस्टिंगची चूक होती, कारण मी ‘काय व्हायला हवं’ तेवढंच तपासलं, ‘काय होता कामा नये’ हे लिहिलंच नव्हतं. हे फक्त लहान कंपन्यांत होतं असंही नाही. अमेरिकेतल्या फर्स्ट अमेरिकन फायनान्शिअल या कंपनीच्या वेबसाइटवर 2019 साली नेमकी हीच भानगड सापडली: लिंकमधला क्रमांक बदलला की दुसऱ्याचं कागदपत्र, आणि अशी जवळपास 88.5 कोटी कागदपत्रं उघडी होती. ओवॅस्प या संस्थेच्या वेब सॉफ्टवेअरमधल्या दहा मोठ्या धोक्यांच्या यादीत 2017 साली पाचव्या जागेवर असलेला ‘ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल’, म्हणजे ज्याला जे बघायची परवानगी नाही ते त्याला दिसणं, 2021 च्या यादीत पहिल्या जागेवर गेला.

आपोआप दोष शोधणाऱ्या स्कॅनर टूलला ही चूक सहसा सापडत नाही. टूलला काय माहीत की अमुक बिल तमुक डीलरचं आहे? त्याच्या दृष्टीनं पान उघडलं, उत्तर आलं, सगळं ठीक. कोणाला काय दिसायला हवं हे धंद्याचं ज्ञान आहे, आणि ते अठरा जणांत सगळ्यात जास्त तुमच्याकडं आहे. म्हणून पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर ‘हो’ आहे, आणि सुरुवात इथूनच करा असं आहे.

एक तक्ता बनवा. साधी एक्सेल शीट पुरे. उभ्या रांगेत सॉफ्टवेअरमधल्या सगळ्या क्रिया: ऑर्डर बघणं, रेट बदलणं, बिल रद्द करणं, रिपोर्ट काढणं. आडव्या रांगेत माणसं: मालक, अकाउंटंट, गोडाऊनवाला, एजंट, डीलर. त्यात आणखी दोन रकाने घाला, हे सहसा कोणी घालत नाही: ‘लॉगिनच न केलेला’ आणि ‘काल नोकरी सोडलेला’. प्रत्येक चौकोनात तीनपैकी एक उत्तर: हो, नाही, किंवा ‘फक्त स्वतःचं’. क्रिया 40 धरल्या तर 7 जणांचे 280 चौकोन होतात. तुमच्या आजच्या टेस्ट केस बघा, त्या जवळजवळ सगळ्या ‘हो’ च्या चौकोनात असतील. ‘नाही’ आणि ‘फक्त स्वतःचं’ हे बहुतेक मोकळे असतील, आणि माल तिथंच सापडतो.

हा तक्ता भरताना एक मजा होते. तुम्ही मालकाला विचारता, ‘एजंटला दुसऱ्या एजंटच्या डीलरचा उधारीचा आकडा दिसावा का?’ आणि मालक म्हणतो, ‘थांबा, विचार करून सांगतो.’ म्हणजे तो नियम कुणी कधी ठरवलाच नव्हता, डेव्हलपरनं आपल्या मनानं काहीतरी ठेवून दिलं होतं. माझ्या अनुभवात तक्त्यातून जितकी भोकं सापडतात, तितकीच नुसती तो भरण्याच्या बैठकीत सापडतात.

मग तपासायचं कसं? एकाच प्रकारची दोन खाती घ्या, डीलर ‘अ’ आणि डीलर ‘ब’. एक क्रोममध्ये, दुसरं इन्कॉग्निटो खिडकीत. ‘अ’ ची ऑर्डर उघडताना एफ-बारा दाबून नेटवर्कच्या टॅबमध्ये ब्राउझरनं सर्व्हरला काय विचारलं ते बघा. तीच विनंती ‘ब’ च्या लॉगिननं पाठवा. पोस्टमन या विनंत्या पाठवायच्या टूलमध्ये जमतं, ब्राउझरच्या विनंत्या मध्येच पकडणाऱ्या बर्प सूटच्या फुकट आवृत्तीत किंवा झॅपमध्ये आणखी सोपं. उत्तर 403 (परवानगी नाही) किंवा 404 (सापडलं नाही) यायला हवं. पण आकडा बघून थांबू नका. स्क्रीनवर ‘आपल्याला परवानगी नाही’ अशी लाल पट्टी आणि खाली आलेल्या उत्तरात मात्र सगळा डेटा, असं मी डझनभर वेळा बघितलंय. पट्टी ब्राउझरनं दाखवली, सर्व्हरनं डेटा देऊनच टाकला होता. तसंच ‘डिलीट’ च्या बाबतीत: एरर आली म्हणून पास करू नका, डेटाबेसमध्ये ती ओळ अजून आहे का ते बघा.

बटण लपवलं म्हणजे दार बंद झालं असं डेव्हलपर हमखास म्हणतील. त्यांना तुमच्या खुर्चीशेजारी बसवून एकदा हा प्रयोग दाखवा, वाद तिथंच संपतो. दुसरी पळवाट असते, ‘क्रमांकाऐवजी लांबलचक आकड्या-अक्षरांची लिंक करतो, कुणाला ओळखता येणार नाही.’ करा, वाईट नाही. पण ती लिंक कुणीतरी व्हॉट्सॲपवर पुढं ढकलणारच, आणि मग ज्याच्या हातात पडेल त्याला ती उघडेल. सर्व्हरनं दर वेळी ‘हे बिल याचंच का?’ हे विचारलंच पाहिजे.

तक्ता स्थिरावला की त्याची ऑटोमेशन टेस्ट करा. प्रत्येक चौकोनासाठी वेगळी टेस्ट लिहायची गरज नाही, तक्ता वाचून एकेक विनंती पाठवणारी एकच टेस्ट पुरते. आणि एक नियम लावून घ्या: नवा एपीआय, म्हणजे सर्व्हरला काही विचारायचा नवा रस्ता, आला आणि तो तक्त्यात नसेल तर बिल्ड लाल, म्हणजे ती आवृत्ती पुढं जाणार नाही. हा नियम एका टीममध्ये मी भांडून लावून घेतला होता. पहिले पंधरा दिवस शिव्या खाल्ल्या. नंतर डेव्हलपर स्वतःच विचारायला लागले, ‘हे कुणाला दिसायचंय ते आधी सांग, म्हणजे तक्त्यात घालतो.’ सुताला रंग लागायला तिथून सुरुवात झाली.

दुसरी गोष्ट, तुमच्याकडं जे तंत्र आधीच आहे तेच थोडं तिरकं वापरा. बाउंडरी व्हॅल्यू (टोकाचे आकडे टाकणं), निगेटिव्ह टेस्टिंग (मुद्दाम चुकीचं टाकणं) हे तुम्ही रोज करता. ऑर्डरमध्ये संख्या रिकामी ठेवून बघता, अक्षरं टाकून बघता. आता उणे पाच टॉवेल टाकून बघा. एका सिस्टीममध्ये उणे संख्येची ओळ टाकली की एकूण बिल कमी व्हायचं, आणि ते सरळ मंजूर व्हायचं. सूट लावायचं बटण दोन खिडक्यांतून एकाच क्षणी दाबा. सूट दोनदा लागते का?

ओटीपीचं तर आवर्जून बघा. सगळ्यांच्या टेस्ट केसमध्ये ‘चुकीचा ओटीपी टाकल्यास एरर’ हे असतंच. पन्नासाव्या चुकीच्या ओटीपीला काय होतं हे नसतं. चार आकडी ओटीपीच्या एकूण शक्यता 10,000. सेकंदाला 10 प्रयत्न करणारी साधी स्क्रिप्ट सगळे प्रयत्न 17 मिनिटांच्या आत संपवते. ‘पण ओटीपी पाच मिनिटांत संपतो’ असं कुणी म्हणालं तर त्यालाही हिशेब दाखवा: पाच मिनिटांत 3,000 प्रयत्न, म्हणजे दहापैकी तीन वेळा आत. पुढच्या ओटीपीला पुन्हा तोच डाव. प्रयत्नांवर मर्यादा नसेल तर ओटीपीचा उपयोग दाराला कडी आहे असं दाखवण्यापुरताच. ही टेस्ट केस लिहायला तुम्हाला कुठलं सर्टिफिकेट लागलं?

गुणवत्ता आणि सुरक्षा या मुळात दोन वेगळ्या गोष्टी आहेतच कुठं? 2014 च्या फेब्रुवारीत ॲपलच्या फोन आणि संगणकांत एक दोष सापडला. सर्व्हरची सही खरी की खोटी हे तपासणाऱ्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही एक ओळ चुकून दोनदा पडली होती, आणि त्यामुळं शेवटची तपासणी कधी होतच नव्हती. खरी सही असलेल्या सर्व्हरला जोडून बघितलं की सगळं उत्तम चालायचं. मुद्दाम खोटी सही देऊन बघणारी एक निगेटिव्ह टेस्ट असती तर पहिल्या दिवशी सापडलं असतं. सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 25010, त्यात 2011 पासून सुरक्षा हा गुणवत्तेचाच एक स्वतंत्र गुण धरलाय. साहेबांना इंग्रजी कागद दाखवायचा असेल तर हा दाखवा.

तिसरी गोष्ट म्हणजे रंगखातं. नवं फीचर ठरवताना जी बैठक होते तिथं तुम्ही बसता का? नसाल तर बसायला मागा. तिथं मी तीनच प्रश्न विचारतो: हे कुणी करू नये? हेच चुकीचं, फार जास्त किंवा दोनदा पाठवलं तर काय? आणि गैरप्रकार झालाच, तर आपल्याला कळणार कसं? सिक्युरिटीत याचे मोठे साचे आहेत, मायक्रोसॉफ्टमध्ये तयार झालेलं स्ट्राइड हे त्यातलं एक. पण अठरा जणांच्या कंपनीत पहिल्या महिन्यात साचा आणलात तर बैठकीला कुणी येणार नाही. तीन प्रश्नांना दहा मिनिटं लागतात. तिसऱ्या प्रश्नावर हमखास शांतता पसरते, कारण लॉग कुणीच ठेवत नसतं, किंवा ठेवला तर बघत नसतं.

आता टूल. इथं मी फार वेळ घालवणार नाही, कारण सगळे इथंच वेळ घालवतात. चार प्रकार लागतात आणि चारही फुकट मिळतात: कोडमध्ये पासवर्ड किंवा की राहून गेली का ते बघणारं गिटलीक्स, जुन्या लायब्ररीतले माहीत असलेले दोष सांगणारं ट्रिव्ही किंवा डिपेंडन्सी-चेक, कोड वाचून संशयास्पद जागा दाखवणारं सेमग्रेप किंवा सोनारक्यूब, आणि चालू वेबसाइटवर बाहेरून धडका मारणारं झॅप. याच क्रमानं घ्या, महिन्याला एक. सगळी एकाच आठवड्यात चालू केलीत तर पहिल्या रिपोर्टमध्ये शेकडो इशारे येतील, डेव्हलपर ते एकदा बघतील आणि पुन्हा कधीच बघणार नाहीत. जुने इशारे एका यादीत बाजूला काढा, आणि बिल्ड फक्त नव्या गंभीर इशाऱ्यावर थांबू द्या. जुन्यातले आठवड्याला पाच-सहा निपटत राहा.

झॅपबद्दल एक युक्ती आणि एक धोक्याची सूचना. तुमच्याकडं ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या सेलेनियम किंवा प्लेराइटच्या टेस्ट असतील तर त्या झॅपच्या प्रॉक्सीतून, म्हणजे झॅपला मध्ये बसवून चालवा. स्कॅनरला लॉगिन कसं करायचं, कुठून कुठं जायचं हे ठाऊक नसतं, तुमच्या टेस्टना ते सगळं ठाऊक असतं. तुमची टेस्ट पुढं चालते, झॅप मागून नोंदी घेतो. वेगळा वेळ लागत नाही. सूचना अशी की ‘ॲक्टिव्ह स्कॅन’, म्हणजे नुसत्या नोंदी न घेता धडका मारणं, खऱ्या सर्व्हरवर कधीच नाही, आणि टेस्ट सर्व्हरवरही एसएमएसची सेवा तोडल्याशिवाय नाही. मी एकदा रात्री स्कॅन लावून झोपलो. स्कॅनरनं ‘ओटीपी पाठवा’ चं बटण शोधून काढलं आणि रात्रभर दाबत बसला. सकाळी एसएमएसची शिल्लक शून्य, आणि टेस्ट डेटात ज्या बिचाऱ्याचा नंबर होता त्याच्या फोनवर मेसेजचा ढीग.

जुन्या लायब्ररीच्या (बाहेरून घेतलेल्या तयार कोडच्या) बाबतीत तुमची रिग्रेशन टेस्ट, म्हणजे बदलानंतर आधीचं काही मोडलं नाही ना ही तपासणी, हाच सगळ्यात मोठा आधार असतो, हे फारसं कुणी बोलत नाही. 2021 च्या डिसेंबरमध्ये जावाच्या लॉगफोरजे या लायब्ररीत भयंकर दोष निघाला. आठवडा-दहा दिवसांत दुरुस्तीच्या आवृत्त्या आल्या त्या अशा: 2.15, मग 2.16, मग 2.17, कारण आधीची पुरेशी नव्हती. ज्यांच्याकडं भरवशाच्या ऑटोमेशन टेस्ट होत्या त्यांनी तिन्ही वेळा बदललं, संध्याकाळपर्यंत तपासलं आणि सोडलं. ज्यांच्याकडं नव्हत्या ते पहिल्या बदलालाच ‘काही मोडलं तर?’ म्हणून अडून बसले. अमेरिकेच्या इक्विफॅक्समधून 2017 साली सुमारे 14.7 कोटी लोकांची माहिती गेली, तिथंही दोषाची दुरुस्ती मार्चमध्ये उपलब्ध होती आणि चोर मे महिन्यात आत शिरले. अशी दुरुस्ती (पॅच) पटकन लावता येणं ही तुमच्या खात्याची कमाई आहे. पगारवाढीच्या बैठकीत हे बोला.

इथवरचं एका दमात: आधी परवानग्यांचा तक्ता, मग आहे त्या टेस्ट केसना तिरका डोळा, मग बैठकीत तीन प्रश्न, आणि शेवटी टूल.

आता थोडं कडू. सिक्युरिटीचं काम अंगावर घ्यायच्या आधी आपलं घर झाडा, कारण मी ज्या कंपन्या तपासल्या त्यांतली कित्येक भोकं क्यूएनंच पाडलेली होती. खऱ्या ग्राहकांचा डेटाबेस जसाच्या तसा टेस्ट सर्व्हरवर उतरवलेला, आणि त्या टेस्ट सर्व्हरला पासवर्ड ‘टेस्ट ॲट एकदोनतीन’. लाइव्ह सिस्टीममध्ये राहून गेलेलं ‘क्यूए ॲडमिन’ खातं. बग नोंदवताना टाकलेल्या स्क्रीनशॉटमध्ये कामगाराचं आधार कार्ड. ओटीपीसाठी ‘1234 चालेल’ अशी टेस्टरसाठी ठेवलेली सोय, जी रिलीजमध्ये तशीच गेली. यातलं निदान एक तुमच्याकडं निघेल, पैज लावतो. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात डेटा जपण्यासाठी वाजवी काळजी घेतली नाही तर 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि डेटा लाइव्ह सर्व्हरवरून गेला की टेस्ट सर्व्हरवरून, हा फरक ज्याची माहिती गेली त्याच्यासाठी शून्य आहे. नावं, नंबर, खाती बदलून टाकणारी स्क्रिप्ट डेव्हलपरकडून लिहून घ्या. एक दिवसाचं काम आहे, वर्षानुवर्षं पुढं ढकललं जातं.

बगच्या गांभीर्यावरून भांडणं होतील, तीही आधीच सांगून ठेवतो. टेस्टर मोजतो की किती ग्राहकांना त्रास होतोय. सिक्युरिटीत उलटं असतं: 500 डीलर सुखानं वापरतायत आणि एक जण चोरतोय, तरी तो दोष पहिल्या नंबरचा. ‘कोण कशाला असं करेल?’ हे वाक्य डेव्हलपरकडून ऐकू येईल. वाद घालण्यापेक्षा ‘करायला किती मिनिटं लागली’ हे बगमध्ये लिहा. चार मिनिटं लिहिलं की प्राधान्य आपोआप वर सरकतं. आणि असे बग नेहमीच्याच यादीत ठेवा, फक्त सगळ्यांना दिसणार नाहीत असे. वेगळ्या यादीत गेले की ते विसरले जातात.

शेवटी सीमा. काय करायचं नाही ते साहेबांना आजच सांगा, आणि मेलवर सांगा. पेनिट्रेशन टेस्ट, म्हणजे चोरासारखं आत शिरून बघायची तपासणी, तुम्ही करणार नाही. वर्षातून निदान एकदा ती बाहेरच्या माणसाकडून व्हायला हवी, कारण जे सॉफ्टवेअर तुम्ही रोज बघता त्यात तुम्हाला न दिसणाऱ्या जागा तयार होतात, आणि स्वतःच्या कामावर स्वतःच शिक्का मारला तर खरेदीदार तो मानणारही नाही. सरकारी किंवा बँकेचं काम असेल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतलाच ऑडिटर लागतो. झॅपचा रिपोर्ट छापून ‘आमचं सिक्युरिटी ऑडिट’ म्हणून प्रश्नावलीला जोडू नका. समोर जाणकार बसला असेल तर पहिल्या पानावर पकडेल. बाहेरच्या माणसानं शोधलेला प्रत्येक दोष मात्र तुमच्या रिग्रेशनमध्ये टेस्ट म्हणून आला पाहिजे, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच दोषाचे पैसे पुन्हा द्यावे लागणार नाहीत.

परवानगी हा दुसरा मुद्दा. तुमच्या स्वतःच्या टेस्ट सर्व्हरवर खुशाल खेळा. ग्राहकाच्या सर्व्हरवर, पेमेंट गेटवेवर, ‘सहज बघू’ म्हणून एखाद्या ओळखीच्या दुकानदाराच्या वेबसाइटवर हात लावायचा नाही. परवानगीशिवाय केलेलं असलं काम माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 43 आणि 66 मध्ये बसू शकतं, आणि तिथं तुमचा हेतू चांगला होता हे सिद्ध करत बसावं लागतं. परवानगी लेखी, तारखेसह.

आणि काही घडलंच तर धावपळ कोणी करायची? हे आधी ठरलेलं असावं, आणि ते नाव तुमचं नसावं. सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना कळल्यापासून 6 तासांत कळवाव्या लागतात, आणि लॉग 180 दिवस जपून ठेवावे लागतात. सहा तास म्हणजे हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला पोहोचून तिथं दुपारचं जेवण होईपर्यंतचा वेळ. तेवढ्यात ‘सर्व्हरचा पासवर्ड कुणाकडं आहे’ यावर चर्चा परवडत नाही. हे साहेबांचं आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याचं काम आहे.

प्रश्नावली भरताना ‘नाही’ लिहायला घाबरू नका. ‘सध्या नाही, मार्चपर्यंत करणार, जबाबदार व्यक्ती अमुक’ असं लिहिलेलं मी खरेदीदारांना पटताना बघितलंय. सगळीकडं ‘हो’ लिहिलेलं पत्रक बघितलं की माझ्यासारखा माणूस आधी तिथंच खोदायला लागतो.

राहिला पुण्याचा प्रश्न. गरज नाही. पोर्टस्विगर या बर्प बनवणाऱ्या कंपनीची वेब सिक्युरिटी अकॅडमी फुकट आहे, घरून होते. त्यातला ॲक्सेस कंट्रोलचा भाग आधी करा, एसक्यूएल इंजेक्शन (रकान्यातून डेटाबेसला भलती आज्ञा देणं) नंतर, कितीही मोह झाला तरी. ओवॅस्पचं ज्यूस शॉप नावाचं मुद्दाम भोकं पाडून ठेवलेलं दुकान आहे, ते स्वतःच्या लॅपटॉपवर उभं करून त्यावर हात साफ करा. तिथं परवानगीची भानगड नाही. ओवॅस्पचीच एएसव्हीएस ही तपासणीची यादी टेस्टरच्या भाषेत लिहिलेली आहे, तिच्यातून टेस्ट केस थेट उतरवता येतात. आयएसटीक्यूबी या टेस्टरांना सर्टिफिकेट देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं सिक्युरिटी टेस्टरचं सर्टिफिकेट आहे, पण ते वर्षभर हे काम केल्यावर घ्या. मुलाखत घेताना मी कागदाआधी ‘तुम्हाला सापडलेला एक दोष सांगा’ असंच विचारतो, आणि तो तक्ता नीट भरलात तर सांगायला तुमच्याकडं तीन-चार तरी असतील. साहेबांकडून मात्र आत्ताच एक मागून घ्या: आठवड्यातली दोन दुपार, रिलीजच्या आठवड्यातसुद्धा. ते ‘बघू’ म्हणाले तर तक्त्यातलं पहिलं सापडलेलं भोक त्यांच्याच लॉगिननं, त्यांच्याच स्क्रीनवर उघडून दाखवा, आणि मग पुन्हा मागा.